आमचं मत अर्बाबच्या फोनवर

माझा मोठा मुलगा दोन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी आला, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "अम्मी, पाणी मिळेल का?"

मी तव्यावरची भाकरी सोडून त्याच्याकडे बघत राहिले. ज्या फ्रिजच्या दाराला लोंबकळून याने बिजागरी ढिली केली, त्याच फ्रिजसमोर उभा राहून पोरगा पाणी मागत होता. मी ग्लास दिला, तर वर "थँक यू" म्हणाला. या अल्ला! माझ्या घरात मला कोणी थँक यू म्हणत नाही, आणि म्हणूही नये. भाकरी करपली ती करपलीच.

त्याला दहावीनंतर मुंबईला माझ्या भावाकडे ठेवला होता. हौस म्हणून नव्हे. आम्ही राहतो ओमानात, खाबुऱ्याला. आमची मुलं जातात ती इंडियन शाळा किनाऱ्याच्या रस्त्याने पुढच्या गावात, आणि तेव्हा ती दहावीपर्यंतच होती. अकरावी हवी तर मस्कतला बिऱ्हाड करा, नाहीतर पोराला मुलखात पाठवा. दुकान इथे, पोट इथे, मस्कतला बिऱ्हाड कोण करणार? आमच्या श्रीवर्धन-रत्नागिरीकडच्या लोकांची बहुतेक मुलं अशीच सोळाव्या वर्षी विमानात बसतात. भावाने त्याला जीव लावला, शिकवला, माझी तक्रार नाही. पण पाठवला होता मुलगा आणि येत होता पाहुणा. हे मला त्या ग्लासभर पाण्याच्या वेळी कळलं.

आणि आता मुलगी दहावीत आली होती. भावाने खोली रिकामी करून ठेवली होती, पलंग घेतला होता, कुठल्याशा कॉलेजात ओळखही काढली होती. मी फोनवर "हो, हो, बरं झालं" म्हणायचे आणि फोन ठेवला की उगाच कुणावर तरी खेकसायचे. घरात दोनच माणसं उरलेली, त्यामुळे आळीपाळीने दोघांनाही बोलणी खावी लागायची.

अशात शाळेच्या समितीची निवडणूक लागली. समितीवर पालकांमधून एक माणूस निवडून द्यायचा. दर दोन वर्षांनी होते, आणि दर वेळी आमच्या घरचं मत ह्यांच्या खिशातच राहायचं, कारण मतदानाच्या दिवशी नेमकी कुणाच्या तरी मळ्यातली मोटर जळायची. ह्यांचं पंप दुरुस्तीचं आणि मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पण या वेळी मी म्हटलं, मोटर जळू दे, मळा जळू दे, मत द्यायचंच. जो अकरावी आणेल त्याला द्यायचं. माझा एवढा एकच मुद्दा होता.

उमेदवार तीन. पहिले दातांचे डॉक्टर. हसरे, गुळगुळीत. त्यांचं पत्रक इतकं देखणं होतं की मुलीने ते वहीला कव्हर म्हणून घातलं. दुसरे आमचेच, रत्नागिरीकडचे, सिमेंट-सळ्यांचे व्यापारी. त्यांना आम्ही सगळे चाचाच म्हणतो. ह्यांना पहिल्यांदा ओमानात आणलं ते चाचांनीच, त्यांच्याच दुकानात हे तीन वर्षं राहिले. आणि तिसरा केरळचा, विटांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा, बारीक अंगाचा माणूस. त्याचं पत्रक नव्हतंच. एक झेरॉक्सचा कागद होता, तोही वाकडा छापलेला.

मुलगी म्हणाली, "अम्मी, आपण कम्पेअर करूया. चार्ट बनवते." तिचं मराठी असं. घरात आमची कोकणी, शाळेत इंग्रजी, व्हॅनमध्ये हिंदी, त्यात बिचारी जिथे शब्द सापडेल तिथून उचलते. तिने गणिताच्या जुन्या वहीत तीन रकाने आखले. बस, बाथरूम, लॅब, लायब्ररी, प्रत्येकापुढे तारे. मी म्हटलं, "ते राहू दे गो बाय, अकरावीचं लिही."

डॉक्टरांनी पालकांना एका हॉलमध्ये चहाला बोलावलं होतं, तिथे मी उठून विचारलं. ते म्हणाले, "अकरावी-बारावी, सायन्स-कॉमर्स, दोन्ही. पहिल्याच वर्षी." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चाचांना मी त्यांच्या घरीच विचारलं. ते म्हणाले, "इन्शाल्ला, इन्शाल्ला, तू काळजी कशाला करतेस? मी आहे ना." मग त्यांनी बायकोला हाक मारून माझ्यासाठी सांदणं आणायला सांगितली. सांदणं छान होती.

घरी आल्यावर मुलीने पेन चावत विचारलं, "अम्मी, इन्शाल्ला म्हणजे येस लिहू की नो?"

"कोण म्हणतंय त्यावर असतं," मी म्हटलं.

"चाचा म्हणतायत."

मी जरा विचार केला. "सध्या कोरं ठेव."

तिसरा माणूस एका शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर आमच्या दारात आला. चपला बाहेर काढल्या, फाइल छातीशी धरून उभा. म्हणाला, "तुमच्या अर्बाबनी घर दाखवलं." अर्बाब म्हणजे ह्यांच्या दुकानाचा परवाना ज्यांच्या नावावर आहे ते ओमानी मालक, सत्तरी ओलांडलेले, खजुराचा आणि लिंबांचा मळा असलेले. मला वाटलं, हा दुकानात गेला असेल, तिथे अर्बाब भेटले असतील. तेवढ्यावर सोडलं.

मी त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "अकरावी आणीन असं मी नाही सांगणार, दीदी. ते माझ्या हातात नाही."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग काय तुझ्या हातात आहे, बाबा? विटा?

त्याने फाइल उघडली. सगळ्या इंडियन शाळांच्या वरच्या मंडळाचं म्हणणं होतं की पंधरा मुलांच्या आईवडिलांनी लिहून द्यावं, आम्ही मुलाला इथेच अकरावीला घालू, मागे फिरणार नाही. मग एक वर्ग मिळेल, फक्त कॉमर्सचा, कारण सायन्सला लॅब लागते. मागच्या वर्षी तोंडी सगळ्यांनी हो म्हटलं, आणि ऐन वेळी निम्मी मुलं मुलखात गेली. म्हणून आता कागद. त्याने घरोघर फिरून दहा सह्या मिळवल्या होत्या. त्याची स्वतःची मुलगी अजून आठवीत होती.

"म्हणजे तुम्ही मत मागायला आलात की सही?" मी विचारलं.

"दोन्ही. पण सही आधी."

"आणि मी सही केली, आणि पंधरा झाल्याच नाहीत तर? तिकडची कॉलेजची जागाही गेली आणि इकडचीही. पोरीने काय करायचं, माझ्याबरोबर मासे साफ करायचे?"

"होऊ शकतं तसं," तो म्हणाला. नुसतं एवढंच. गोड बोलायचीही पंचाईत. मी चहा पाजला, कारण दारी आलेल्या माणसाला चहा न देण्याइतकी मी खालच्या घरची नाही, पण सही दिली नाही. तो गेल्यावर मुलीने त्याच्या रकान्यात लिहिलं, "नो, मेबी," आणि एकही तारा दिला नाही. मी म्हटलं, बरोबर.

ह्यांचं मत ठरलेलंच होतं. "चाचांना सोडून दुसऱ्याला? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक तुमच्या पोरीला मुंबईत रोज रात्री झोपताना पांघरूण घालायला येणार आहेत का?" आठवडाभर आमच्या घरात असंच चाललं होतं. एका घराला एकच मत, आणि नवराबायकोंपैकी ते कुणी द्यायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. हा नियम ज्याने काढला त्याला बायको नसावी.

मतदान शनिवारी. गुरुवारी सकाळी शेजारची वसईची बाई, हॉस्पिटलात नर्स आहे, ती विचारत आली, "तुमचा नंबर आला का हो? मतदानाचा?" शाळेने प्रत्येक पालकाच्या मोबाइलवर सहा आकडी नंबर पाठवला होता. तो दाखवला तरच मतपत्रिका मिळणार. आम्हाला काही आलं नव्हतं. तेव्हा मला आठवलं, उमेदवारांचे फोनही सगळ्यांना येत होते, आम्हाला एकही नव्हता. मी आपली मनात कुढत होते की आम्ही पंपवाले म्हणून आम्हाला कोण विचारतो.

ह्यांना दुकानातून उठवलं, गाडीत घातलं आणि शाळेच्या ऑफिसात नेलं. तिथल्या बाईने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "गेलाय की मेसेज. शेवटचे आकडे सत्त्याहत्तर बारा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"कुणाचा नंबर तो?"

"अर्बाबचा," हे म्हणाले.

मला आधी कळेचना. मग बाहेर गाडीत बसून सगळी कहाणी काढून घेतली. मुलीला केजीत घातलं त्या आठवड्यात ह्यांचा फोन एका मळ्यातल्या विहिरीत पडला होता, पंप बसवताना. फॉर्मवर नंबर लिहायचा म्हणून ह्यांनी अर्बाबचा लिहिला. आणि खरं सांगायचं तर फोन पडला नसता तरी ह्यांनी तोच लिहिला असता. आमच्या माणसांचा हातच तसा बसलेला आहे. लाइटबिल, हॉस्पिटलचं कार्ड, गाडीचा विमा, गॅसवाला, जिथे नंबर विचारतील तिथे अर्बाबचा. आपल्या नंबरला कोण विचारतं, अर्बाबचा असला की काम होतं. बारा वर्षं शाळेचे मेसेज त्यांच्या फोनवर जात होते आणि आम्हाला पत्ता नाही. पत्ता लागणार कसा? आम्हाला सगळं मुलीच्या डायरीतून आणि बायकांच्या ग्रुपवरून कळायचं.

"तुम्हाला अक्कल आहे का?" मी विचारलं. हे म्हणाले, "गाडी मळ्याकडे घेऊ?" बोलण्यात हरले की माणसं गाडी चालवतात.

अर्बाब आंब्याखाली चटईवर बसले होते, काठी बाजूला, कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास पुढ्यात. त्यांची हिंदी मोडकी, माझी अरबी त्याहून मोडकी, पण वीस वर्षांत आमचं कधी काही अडलेलं नाही. ह्यांनी मान खाली घालून चूक सांगितली. अर्बाब हसले नाहीत. म्हणाले, "चूक कसली? मला माहीत आहे. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम दिला नंबर. मोठा माणूस म्हणून."

मग त्यांनी सुनेला हाक मारली. सून तिथल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. तिने सांगितलं, बारा वर्षं आमच्या मुलीचा प्रत्येक मेसेज तीच त्यांना वाचून दाखवते. अर्बाबना सगळं पाठ होतं. पाचवीत गणितात कमी पडली. सातवीत भाषणात बक्षीस मिळालं. तिसरीत चार दिवस गैरहजर होती.

तिसरीत चार दिवस! तेव्हा हिला कांजिण्या आल्या होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी अर्बाब मधाची बाटली घेऊन दारात उभे होते. मी म्हटलं होतं, योगायोग. दर वर्षी निकालाच्या दिवशी खजुराचं खोकं यायचं. मी म्हणायचे, झाडं पिकली असतील. मार्च महिन्यात कुठला खजूर पिकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मला तिथेच रडू फुटलं, अगदी ओठ चावूनही थांबेना. सुनेने माझ्या हातात कहव्याची वाटी दिली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

अर्बाब मात्र वेगळ्याच विषयावर तापले होते. म्हणाले, "तीन माणसांचे फोन आले. मत द्या, मत द्या. मी तिघांनाही बघून ठेवलं आहे."

म्हणजे आमच्या घरी वहीत रकाने आखले जात होते, तेव्हा मळ्यात बसून हे गृहस्थही तेच करत होते. आणि त्यांची पद्धत आमच्यापेक्षा सरस निघाली. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा अर्बाबनी सलाम केला, तर समोरचा थांबलाच नाही, बोलतच सुटला. तो रेकॉर्ड केलेला आवाज होता, हे सुनेने नंतर सांगितलं. अर्बाबना ते पटलेलं नव्हतं. "सलामाला उत्तर देत नाही, तो माणूस कसला?" चाचांनी आवाज ओळखला. अर्धा तास बोलले, सिमेंटचं, विहिरीच्या पाण्याचं, अर्बाबच्या गुडघ्याचं. शाळेचं नावही काढलं नाही. "चांगला माणूस आहे," अर्बाब म्हणाले, "पण फोन कशाला केला ते विसरला."

"आणि तिसरा?"

"त्याने माफी मागितली, चुकीच्या ठिकाणी लागला म्हणून. मी म्हटलं, चूक नाही, बोल. त्याने विचारलं, तुमची मुलगी दहावीत आहे, तिला इथेच ठेवणार का? मी म्हटलं, कहवा प्यायला ये. तो आला, कामावरून सुटून, टॅक्सी करून. मला सगळा कागद समजावला. मी म्हटलं, आण, सही करतो. तो म्हणाला, नाही अर्बाब, आईबापाचीच लागते. मग मी तुमचं घर दाखवलं." ते माझ्याकडे वळले. "तू केलीस ना सही?"

मी वाटीतल्या कहव्याकडे बघत बसले. अर्बाबनी फोन पुढे केला, सहा आकडे मी हातावर पेनाने लिहून घेतले. निघताना म्हणाले, "मोठा गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

परतताना वळणावर हे म्हणाले, "मत तू टाक. मला कुणी विचारलं तर सांगेन, बायकोने टाकलं, मला काय माहीत." हा ह्यांचा पराक्रम. पण चाचांचं ऋण मोडून एवढं म्हणणंही ह्यांना सोपं नव्हतं, हे मला कळत होतं, म्हणून मी टोमणा मारला नाही.

शनिवारी मी तिसऱ्याला मत दिलं. चाचा फाटकापाशीच उभे होते, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला आत जाऊन त्यांच्याविरुद्ध शिक्का मारताना घाम फुटला. संध्याकाळी निकाल लागला. डॉक्टर भरघोस मतांनी आले. चाचा दुसरे. तिसरा तिसराच.

मी म्हटलं, खलास. आता मुंबई. मी कपाटावरची मोठी बॅग काढून पुसायला घेतली. मुलगी अभ्यास सोडून मला बघत होती.

रविवारी संध्याकाळी पुन्हा दार वाजलं. तोच, तीच फाइल, चपला तशाच बाहेर. मला वाटलं, मत दिल्याचे आभार मानायला आला असेल. तर हा म्हणतो, "दीदी, चौदा झाल्या."

"अहो, पण तुम्ही हरलात ना?"

"मी हरलो. कागद नाही हरला." हे तो काही मोठेपणाने बोलला नाही, त्याला घाई होती, खाली टॅक्सी उभी होती. "डॉक्टरसाहेबांना सकाळी भेटलो. ते म्हणाले, पंधरा आणून द्या, मी मंडळात ठेवतो. बुधवारी मीटिंग आहे."

मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली. महिनाभर मी सगळ्यांना विचारत फिरत होते, तुम्ही काय आणून देणार? दोघांनी देतो म्हटलं आणि माझं काम संपलं. या एकट्याने माझ्याकडे काही मागितलं, तर मी त्याला शून्य तारे दिले. मत द्यायला काय लागतं? शिक्का मारला, झालं. सही द्यायची म्हणजे भावाचा पलंग, कॉलेजातली ओळख, सगळं सोडून एका वाकड्या झेरॉक्सवर पोरीचं वर्ष ठेवायचं.

मी मुलीला हाक मारली. खरं म्हणजे हे मी आधीच विचारायला हवं होतं. "तुला काय हवंय? खरं सांग."

ती म्हणाली, "मी चार्ट बनवलाय." आणि तीच गणिताची वही घेऊन आली. उमेदवारांच्या पानाच्या मागे तिने दोन रकाने आखले होते, एक मुंबई, एक इथे. मुंबईखाली चांगलं खूप लिहिलं होतं: मोठं कॉलेज, मॉल, मामूकडचे मामेभाऊ, दादा जवळ. इथेखाली एकच चांगली गोष्ट, 'होम'. मग वाईट गोष्टी. इथेखाली लिहिलं होतं, 'अम्मी ओरडते.' मुंबईखालीही एकच वाईट गोष्ट होती, 'अम्मी ओरडणार नाही.'

"हे असं कसं लिहिलंस?" मी विचारलं.

"खरं आहे ते. दोन्ही." तिने खांदे उडवले. "तू सांगितलं खरं सांग."

"मग कुणाला किती तारे?"

"मला नाही जायचं, अम्मी," ती म्हणाली, इतक्या स्वच्छ मराठीत की मी तिच्याकडे बघतच राहिले.

हे दारातच उभे होते, हातावर ग्रीस. म्हणाले, "कर सही. तू नाही केलीस तर मी करतो, पण मग कागद काळा होईल." मी सही केली. ती माझ्या बँकेतल्या सहीसारखी अजिबात आली नाही. तो माणूस चहाला थांबला नाही.

मग भावाला फोन लावला. मी "पलंग" एवढंच म्हटलं आणि अडले. तो म्हणाला, "पलंगावर मीच झोपतोय गो कधीचा. माझी पाठ सुधारली." मग थोडं थांबून म्हणाला, "पोराच्या वेळी मीच तुला सांगायला हवं होतं, ठेव जवळ म्हणून." मी पुन्हा पाठीचंच विचारलं. पोराचं काढलं असतं तर दोघंही रडलो असतो, आणि फोन भावजयीच्या हातात गेला असता.

बुधवार गेला, पुढचे चार बुधवार गेले. त्या दिवसांत मी एरवी ओरडायचे त्याच्या दुप्पट ओरडले. डॉक्टरांबद्दल मी काही कमी बोलले नव्हते, पण न्यायाने सांगायला हवं, त्यांनी कागद मंडळात ठेवला आणि मागे लागून मंजूर करून घेतला. एप्रिलमध्ये अकरावी सुरू झाली. एक वर्ग, पंधरा मुलं, गॅदरिंगचं सामान ठेवायची खोली झाडून केलेला. पुढच्या निवडणुकीत तिसरा उभा राहतो की नाही मला माहीत नाही. चाचांनी आम्हाला काही विचारलं नाही, फक्त त्यांचा नातू आता नववीत आहे, तर त्यांनी परवा ह्यांना हळूच विचारलं, "तो कागदवाला कुठे राहतो?"

पहिल्या दिवशी शाळेने पालकांची माहिती नव्याने भरून मागितली. ह्यांनी आता शहाणपणा शिकून स्वतःचा नंबर लिहायला पेन उचललं. मुलीने फॉर्म ओढून घेतला. "तुझा सेकंड नंबरमध्ये लिही, अब्बा. पहिला तोच राहू दे."

"का?"

"ते वाचतात," ती म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी मी सुरमईच्या तुकड्यांना मीठ लावत होते. व्हॅन थांबली, जिन्यावर धडधड झाली, दप्तर सोफ्यावर पडलं, बूट कुठे पडले ते बूटच जाणोत. ती सरळ स्वयंपाकघरात आली, ढिल्या दाराचा फ्रिज सताड उघडला, बाटली काढली आणि तोंड लावून गटागटा प्यायला लागली. दार उघडंच.

"अगो ए! ग्लास दिसत नाहीत का? आणि दार लाव, थंडी जातेय सगळी बाहेर! घरात माणसं राहतात की जनावरं?"

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. हात माशाने भरलेले, मी कोपराने तो स्पीकरवर टाकला. अर्बाब होते.

"मेसेज आला," ते म्हणाले. "लिहिलंय, आज वर्गात हजर. घरी पोहोचली का?"

"पोहोचली, अर्बाब."

"काय करते आहे?"

"पाणी पिते आहे," मी म्हटलं.